सुझोऊची हिरवी बांगडी

दिवस 1 : शांघाय ते सुझोऊ

दादाला मुलगी झाली तेव्हापासून आईचं एकच चालू होतं, नातीला मांडीवर घ्यायचंय. दादा नऊ वर्षं झाली चीनमध्ये सुझोऊला नोकरीला आहे, वहिनी तिथलीच, लग्नही तिथेच झालं आणि त्यावेळी बाबांचं आजारपण चालू होतं म्हणून आमच्यातलं कुणीच जाऊ शकलं नव्हतं. बाबांना जाऊन आता चार वर्षं होतील. म्हणजे आई तिच्या विहीणबाईंना पहिल्यांदाच समोरासमोर भेटणार होती, आणि ती पण एक शब्द कॉमन नसलेल्या भाषेत.

शांघायला उतरलो, ट्रेनने अर्ध्या तासात सुझोऊ. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, सगळं लक्ष बाळाकडेच. चार महिन्यांची पोरगी, गोबरी, डोळे वहिनीचे आणि कपाळ अगदी बाबांचं. दुपट्याला लाल दोऱ्याने एक छोटी गोल चकती बांधलेली होती, मधे भोक, दुधाळ पांढऱ्या दगडाची, मला आधी वाटलं बटण आहे की काय. दादा म्हणाला हे जेड, याला पिंग आन कौ म्हणतात, म्हणजे सुखरूप राहण्याचं बटण असंच काहीतरी. आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून काळे मणी मनगट्या घालतात ना, तसंच. वहिनीने आणखी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्यांच्या जुन्या काव्यसंग्रहात लिहिलंय की मुलगा झाला तर त्याला खेळायला जेडचा तुकडा द्यावा आणि मुलगी झाली तर सूत कातायची मातीची चकती द्यावी, म्हणून आजही मुलगा झाला की अभिनंदन करताना जेडवरून केलेला शब्द वापरतात. आणि इथे आजीने नातीच्या बाराव्या दिवशीच जेड आणून बांधलं. आई म्हणाली, "बरं केलं. पहिली बेटी धनाची पेटी." वहिनीला त्याचं भाषांतर करून सांगितलं तर तिने तिच्या आईला सांगितलं आणि त्या बाई खुर्चीतून उठून आईचा हात धरून उभ्याच राहिल्या.

तेव्हा ती बांगडी नीट दिसली. त्यांच्या डाव्या हातात, बोटभर जाडीची, फिकट पांढऱ्यात हिरवी रेघ पाण्यात शाई सोडल्यासारखी पसरलेली. दादा म्हणाला चाळीस वर्षं काढलेली नाहीये, आता निघणारही नाही, हात तेवढा जाड झालाय.

रात्री आई माझ्या शेजारी झोपली होती, लाईट बंद, बराच वेळ काही बोलली नाही आणि मग हळूच म्हणाली, "अगं त्यांचे मिस्टर गेले ना सहा वर्षांपूर्वी?"

मी म्हटलं हो.

"आणि हातात हिरवं आहे."

दिवस 2 : लियांगझू

शनिवार होता म्हणून दादा मोकळा, बाळाला आजीकडे ठेवून आम्ही तिघं हांगझोऊला निघालो, ट्रेनने दीड-पावणेदोन तास. सगळे वेस्ट लेक बघायला जातात, आम्ही आधी शहराच्या वायव्येला लियांगझूला गेलो कारण वहिनी म्हणाली होती की जेड समजून घ्यायचं असेल तर सुरुवात तिथून करा. फिकट दगडी भिंतींचं एक शांत म्युझियम आहे, आजूबाजूला पाणी आणि गवत, आणि आत 5,300 ते 4,300 वर्षांपूर्वीच्या एका अख्ख्या शहराची गोष्ट. भाताची शेती, मातीचे बंधारे, तटबंदी. 1936 साली शी शिनगेंग नावाच्या तिथल्याच एका तरुणाने पहिल्यांदा खणून बघितलं, आणि 2019 ला युनेस्कोच्या यादीत नाव आलं. आपली हडप्पा संस्कृती आणि हे साधारण एकाच काळात.

तिथे धातू नाही बरं का. लोखंड नाही, तांबं नाही. आणि तरी जेडचे त्सोंग केलेत, त्सोंग म्हणजे बाहेरून चौकोनी आणि आतून गोल भोक असलेला ठोकळा, आणि त्यावर एक मुखवटा कोरलाय, मोठे गोल डोळे, डोक्यावर पिसांचा मुकुट, खाली जनावराचं तोंड. त्या रेषा एवढ्या बारीक आहेत की एका मिलिमीटरच्या जागेत तीन-चार बसतात, म्युझियमने भिंग लावून ठेवलंय म्हणून कळतं नाहीतर नुसतं खरखरीत वाटेल. फानशान नावाच्या टेकाडावरच्या एका कबरीत सगळ्यात मोठा त्सोंग सापडला, उंची जेमतेम 9 सेंटिमीटर पण वजन साडेसहा किलो. माणसाला पुरताना अंगाभोवती जेडच जेड ठेवलेलं, चकत्या, कुऱ्हाडी, माळा.

जेडला चाकूने कोरता येत नाही. स्टीलची सुरी घासली तरी ओरखडा उठत नाही, कारण दगड स्टीलपेक्षा कडक. मग कसं करायचे, तर वाळूने. त्याच्याहून कडक वाळू, पाणी, आणि दोरी किंवा बांबू, आणि घासत बसायचं. महिनोन्‌महिने. आई एका त्सोंगसमोर बराच वेळ उभी होती, गुडघे दुखत असताना, म्हणाली हे करणाऱ्याचं अर्धं आयुष्य यात गेलं असेल गं. मला पण तेच वाटत होतं. सोनं वितळवून परत घडवता येतं पण इथे एक रेघ चुकली की संपलं, आणि तरी या लोकांनी हा दगड धरला.

पुढे कित्येक शतकांनी जे विधींचे ग्रंथ झाले त्यात लिहिलंय की आकाशाची पूजा निळसर हिरव्या जेडच्या गोल चकतीने करावी आणि पृथ्वीची पिवळ्या त्सोंगने. या गोल चकतीला बी म्हणतात. तुम्हाला आठवत असेल तर 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकच्या मेडल्सना मागच्या बाजूला जेडची गोल रिंग होती, ती ही बी. सुवर्णपदकाला पांढरं जेड, रौप्यला फिकट हिरवट, कांस्यला हिरवं. म्हणजे अभिनव बिंद्राचं जे गोल्ड आपण टीव्हीवर बघून नाचलो होतो त्याच्या मागे पांढरं जेड आहे. आणि त्यांच्या हिशोबात पांढरं वरचं, हिरवं नाही, हे मला नवीन होतं. जुनं चिनी जेड म्हणजे नेफ्राइट नावाचा दगड, आणि त्यातलं सगळ्यात उत्तम चीनच्या वायव्येकडच्या शिनजियांगमधल्या होतानच्या नदीतलं पांढरं, त्याला मेंढीच्या चरबीसारखं जेड म्हणतात, ऐकायला कसंतरी वाटतं पण हातात घेतलं की पटतं, तो तुकतुकीतपणा अगदी तसाच. आपल्याला माहीत असलेलं भडक हिरवं जेड म्हणजे जेडाइट, हा वेगळाच दगड, ते ब्रह्मदेशातून यायचं आणि ते चीनमध्ये खऱ्या अर्थाने रुळलं अठराव्या शतकात. हजारो वर्षांच्या हिशोबात ते कालपरवाचं.

दिवस 3 : सुझोऊ, कारागिरांची गल्ली

आज सकाळपासून पाऊस. वहिनीच्या आईने आम्हाला छत्री दिली आणि वहिनी आम्हाला जेडची दुकानं आणि कारखाने आहेत त्या भागात घेऊन गेली. सुझोऊ हे या कामाचं जुनं गाव, मिंग आणि छिंग या चीनच्या शेवटच्या दोन राजघराण्यांच्या काळात जुआनजू गल्लीत घरोघरी जेडचं काम चालायचं, 1637 च्या एका चिनी ग्रंथात सोंग यिंगशिंगने लिहून ठेवलंय की चांगलं जेड राजधानीत गोळा होतं पण हातातली कला बघायची तर सुझोऊचीच. लू झिगांग नावाचा मिंग काळातला कारागीर इथलाच, त्याच्या नावाने छोट्या चौकोनी पदकांना आजही झिगांगची पाटी म्हणतात.

एका छोट्या वर्कशॉपमध्ये आम्हाला बसू दिलं. दहा बाय दहाची खोली, खिडकीशी एक माणूस, पन्नाशीचा, समोर फिरणारी बारीक सुई, वरून एक नळी थेंब थेंब पाणी सोडतेय आणि दगडातून पांढरा चिखल निघतोय. हात कोपरापर्यंत ओले. तो एक कमळाचं पान करत होता. दगडात एक तपकिरी डाग होता, नदीत पडून पडून कडेला गंजल्यासारखा होतो तसा, मला वाटलं हा काढून टाकणार. तर नाही, त्याने त्या डागाची गोगलगाय केली. पानाच्या कडेवर चढणारी तपकिरी गोगलगाय, नखाएवढी. म्हणाला (वहिनीने सांगितलं) आधी पंधरा दिवस दगड नुसता टेबलावर ठेवला होता, त्यात काय आहे ते दिसेपर्यंत हात लावला नाही.

कन्फ्यूशियसच्या तोंडी एक उतारा आहे, शिष्य विचारतो की लोक जेडला एवढं का मानतात, दुर्मिळ आहे म्हणून का, तर तो म्हणतो नाही, सज्जन माणसाचे गुण त्यात दिसतात म्हणून. त्याची ऊबदार चमक म्हणजे माया. त्याला कड असते पण ती कापत नाही म्हणजे न्याय. वाजवलं की आवाज स्वच्छ आणि लांब जातो. आणि त्याचे डाग त्याचं तेज झाकत नाहीत, तेजही डागांना झाकत नाही, हा प्रामाणिकपणा. मी त्या कारागिराला विचारून एका अर्धवट तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, काचेसारखी सरळ कड आणि खरंच कापत नाही. आधी गार लागतो दगड, मग मिनिटभर मुठीत धरला की आपल्याएवढाच गरम होतो आणि मग बराच वेळ तसाच राहतो.

भिंतीवर सहा अक्षरं लावली होती, त्याचा अर्थ वहिनीने सांगितला, जेड घासल्याशिवाय भांडं होत नाही, म्हणजे शिकल्याशिवाय माणूस घडत नाही, शाळेत पोरांना पाठ करायला लावतात. आई लगेच म्हणाली, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, तेच हे."

खरेदीचं म्हणाल तर जपून. दादाने लग्नाच्या वेळी एका टुरिस्ट लोकांच्या दुकानातून वहिनीसाठी बांगडी घेतली होती, भरपूर पैसे देऊन, दोन वर्षांत ती पिवळी पडली. तो बी माल निघाला. इथे सरळ ए बी सी म्हणतात, ए म्हणजे नैसर्गिक, बी म्हणजे ॲसिडने धुवून आतल्या फटीत प्लास्टिकसारखं रेझिन भरलेलं, सी म्हणजे रंग चढवलेलं. लॅबचं सर्टिफिकेट असल्याशिवाय घेऊच नका. चिनी लोकच म्हणतात की एक इंच जेडची पारख देवालाही जमत नाही. दादाने ती पिवळी बांगडी बरेच महिने लपवून ठेवली होती, फार लागलं होतं त्याला.

घरी येऊन मी छत्री झटकून परत केली तर वहिनीची आई हसून काहीतरी म्हणाली, वान बी ग्वेइ झाओ. दादा म्हणाला याची गोष्ट उद्या ट्रेनमध्ये सांगतो.

आणि रात्री जेवताना अजून एक झालं. त्यांच्या हातून वाडगा पडला, खळ्‌कन फुटला, आई दचकली. त्या शांतपणे म्हणाल्या, सुइ सुइ पिंग आन. वहिनीने समजावलं की सुइ म्हणजे फुटणं आणि सुइ म्हणजे वर्ष, उच्चार एकच, म्हणून काही फुटलं की फुटलं म्हणायचं नाही, वर्षानुवर्षं सुखरूप राहा म्हणायचं. आईचे डोळे एवढे मोठे झाले. तिने दादाला सांगायला लावलं की आमच्यात पण बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. मग त्या दोघी दादाला मधे बसवून तासभर बोलत होत्या. जेडची बांगडी फुटली तर तिने आपल्यावरचं संकट स्वतःवर घेतलं असं मानतात, तुकडे फेकत नाहीत, लाल कपड्यात बांधून ठेवतात. माणूस तीन वर्षं जेडला सांभाळतो आणि मग जेड माणसाला जन्मभर सांभाळतं, अशी म्हणच आहे. अंगावर घालून घालून दगडाची चमक बदलते, म्हणून ते जिवंत आहे असं समजतात.

दिवस 4 : ट्रेनमध्ये

सुझोऊ ते बीजिंग पाच तास. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, शाकाहारी लोकांनी सोबत ठेवाच.

दादाने सांगितलेली गोष्ट अशी. प्राचीन चीनमधल्या चू राज्यात ‘बियान हे’ नावाच्या माणसाला डोंगरात एक दगड सापडला, त्याने राजाला नेऊन दिला की यात जेड आहे. राजाच्या पारख्याने सांगितलं साधा दगड आहे, राजाने त्याचा एक पाय तोडला. पुढचा राजा आला, हा परत गेला, दुसरा पाय तोडला. तिसरा राजा गादीवर आला तेव्हा हा डोंगराच्या पायथ्याशी तो दगड कवटाळून तीन दिवस तीन रात्री रडत होता. राजाने माणूस पाठवून विचारलं की पाय तर खूप जणांचे तोडलेत, तूच एवढा का रडतोस. तर म्हणाला पायांसाठी नाही रडत, जेडला दगड म्हणतात आणि खऱ्या माणसाला खोटारडा म्हणतात म्हणून रडतो. मग दगड फोडला, आत अप्रतिम जेड निघालं आणि त्याची बी केली. पुढे ती झाओ राज्याकडे गेली, छिनच्या राजाने तिच्या बदल्यात 15 शहरं देऊ केली, मनात लबाडी होती, पण लिन शियांगरू नावाच्या झाओच्या दूताने ती अखंड परत आणली. वान बी ग्वेइ झाओ म्हणजे बी अखंड झाओला परत. दोन हजारांहून जास्त वर्षं झाली, आणि आजही उसनी वस्तू धड परत केली की हेच म्हणतात. माझ्या छत्रीला सुद्धा.

आई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, पायांसाठी नाही रडला.

दिवस 5 : बीजिंग, राजवाडा

तिकीट आधीच पासपोर्ट नंबर टाकून काढावं लागतं, तिथे जाऊन मिळत नाही. गर्दी प्रचंड. आम्ही मधली मोठी सभागृहं पटापट बघितली आणि पूर्वेकडच्या खजिन्याच्या भागात गेलो, तिथे एका दालनात जेडचा डोंगर आहे. डोंगर म्हणजे खरंच डोंगर, 2 मीटर 24 सेंटिमीटर उंच, पाच टनांहून जास्त वजन, एकच दगड. चियानलोंग बादशहाच्या काळात होतानजवळच्या पहाडातून काढला, बीजिंगला आणायलाच तीन वर्षांहून जास्त लागली, मग पाण्याच्या रस्त्याने यांगझोऊला नेला, तिथे सहा वर्षं कोरला, 1787 ला परत आला. पूर अडवणाऱ्या यू राजाची कथा त्यावर आहे. जवळ गेलं की कळतं, कड्याकपारीत शेकडो छोटी माणसं, कुणी पहारीने खडक उकरतंय, कुणी दोर ओढतंय, वर झाडं, धबधबे. राजाची गोष्ट आहे म्हणतात पण डोळा त्या मजुरांवरच जातो.

आणि एक गोष्ट जी मला अजिबात माहीत नव्हती. हाच चियानलोंग हिंदुस्तानी जेडचा वेडा होता. आपल्याकडे मुघल कारागीर जेडचे कागदासारखे पातळ वाडगे करायचे, पानाफुलांच्या आकाराचे, मधे माणकं बसवलेली, तसले वाडगे शिनजियांगमार्गे त्याच्या दरबारात पोचले, त्याने त्यावर कितीतरी कविता लिहिल्या आणि काही तर त्या वाडग्यांवरच कोरून घेतल्या. दगड होतानचा, हात हिंदुस्तानातले आणि कविता चिनी बादशहाची. मी आईला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "कारागिराचं नाव लिहिलंय का कुठे?" नाहीये.

दिवस 6 : शिजियाझुआंग

हा दिवस मी मुद्दाम मागून घेतला होता. बीजिंगहून ट्रेनने सव्वा तास, तिथे हेबेई प्रांताचं म्युझियम. 1968 साली मानचेंगला सैनिक डोंगरात सुरुंग लावत असताना जमीन खचली आणि खाली हान राजघराण्याच्या काळातल्या राजपुत्राची कबर सापडली, लिउ शेंग, मृत्यू इसवी सनपूर्व 113. त्याच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत जेडचा पोशाख. 2,498 तुकडे, प्रत्येकाच्या कोपऱ्यांना भोकं, सोन्याच्या तारेने शिवलेले, तार 1,100 ग्रॅम. शेजारच्या कबरीत त्याची बायको दौ वान, तिचाही तसाच.

समज असा होता की जेड देहाला कुजू देत नाही. म्हणून नाक, कान, डोळे सगळं जेडने बंद करायचे. आत उघडून बघितलं तर देहाचं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. जेड मात्र जसंच्या तसं, पोट थोडं सुटलेलं असावं तसा आकार सुद्धा दिसतो. काचेपाशी उभं राहून मला भरून आलं, बायकोला आणि नवऱ्याला किती जीव लावून शिवलं असेल कुणीतरी.

हान काळात मेलेल्या माणसाच्या तोंडात जेडचा सिकाडा ठेवायचे, झाडावर किर्रर्र करतो तो किडा, कारण तो वर्षानुवर्षं जमिनीखाली राहून परत वर येतो. मोजक्या सात-आठ सरळ रेघांत केलेला असतो, एक जास्त रेघ नाही. आई म्हणाली, "आपण तुळशीपत्र ठेवतो. आणि सोन्याचा कण." मग थोडं थांबून म्हणाली, "ह्यांच्या वेळी मीच ठेवला होता." दादा त्यावेळी विमानाच्या तिकिटासाठी धडपडत होता, पोचू शकला नव्हता. तो काही न बोलता आईच्या बाजूला येऊन उभा राहिला.

त्याच्या गळ्यात जेडची ग्वान्यिन असते, लग्नात सासूबाईंनी घातलेली, तिकडे पुरुषांनी ग्वान्यिन घालायची आणि बायकांनी बुद्ध अशी रीत आहे. ग्वान्यिन म्हणजे मूळचा अवलोकितेश्वर, आपल्या अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यातला हातात कमळ घेतलेला पद्मपाणि तोच. आईने ते पदक शर्टाच्या आतून बाहेर काढून बघितलं, पदराने पुसलं आणि परत आत ठेवलं.

दिवस 7

परतीचा प्रवास. संध्याकाळी सुझोऊ. बाळाने आईला ओळखलं, निदान आई तसं म्हणते.

दिवस 8 : निघायचा दिवस

सकाळी चहा झाल्यावर वहिनीची आई एक लाल डबी घेऊन आल्या. मुलीच्या लग्नाच्या वेळी त्यांनी एकाच दगडाच्या दोन बांगड्या घेऊन ठेवल्या होत्या, एक मुलीला दिली, दुसरी विहीणबाईंसाठी, इतकी वर्षं कपाटात होती. फिकट हिरवी, एका बाजूला गडद हिरवा ढग.

आई मागे सरकली. बाबा गेल्यापासून तिच्या हातात सोन्याची एकेक बारीक पाटली सोडून काही नाही. हिरवा चुडा उतरवला त्या दिवशीचे तिचे हात मला आठवतात. ती दादाला म्हणाली, त्यांना सांग की मला हिरवं चालत नाही. दादाने वहिनीला सांगितलं, वहिनीने तिच्या आईला सांगितलं, आणि त्या बाईंना ते कळेचना. का चालत नाही? वहिनीने परत सांगितलं. त्या बराच वेळ आईकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःचा डावा हात पुढे केला, आपल्या बांगडीवर बोट ठेवलं आणि हळूहळू बोलल्या, वहिनी एकेक वाक्य सांगत गेली. नवरा गेला तेव्हा ही हातातच होती. त्याला शेवटची अंघोळ घातली तेव्हा ही हातात होती. ही नवऱ्याची नाही, माझी आहे.

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग आईने हात पुढे केला.

जेडची बांगडी लवचीक नसते आणि आईचे हात भाकऱ्या थापलेले, सांधे जाड. त्यांनी आईच्या हाताला साबण लावला, त्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली, अंगठा तळव्यात दुमडायला लावला आणि दाबत दाबत, कासाराकडे बसल्यासारखं, आईचे डोळे घट्ट मिटलेले, सांध्यावर अडकली, थोडं अजून, आणि सुळ्‌कन आत गेली. पिशवी ओढून काढली. हात लाल झाला होता. त्या आईच्या मनगटावर फुंकर घालत बसल्या.

शांघाय एअरपोर्टवर सिक्युरिटीला आईने घाबरून हात वर केला, ही निघत नाही म्हणायला. तिथल्या मुलीने बांगडीकडे बघितलं, हसली, आणि पुढे जा म्हणून खूण केली. विमानात ट्रेवर हात ठेवताना टक् असा आवाज झाला तशी आईने पटकन खाली पदर घेतला.

"गार होती गं सकाळी," ती म्हणाली. "आता हाताएवढीच झालीय."